राहणाऱ्यांची संख्या

३ तारीख, सोमवार

ऑफिसने वर्षाच्या सुरुवातीला ही डायरी दिली आणि दीड महिन्याने नारळ दिला. डायरी परत मागितली नाही एवढंच नशीब. कव्हरवर ऑफिसचं नाव सोनेरी अक्षरांत होतं, त्यावर लेकीने मांजराचं स्टिकर चिकटवलंय.

आज लिहायला बसलो, कारण काचघरातून फोन आला. शहराबाहेरची ती सबंध काचेची इमारत. जगभर पसरलेली कंपनी आहे, पण इथे सगळे तिला काचघरच म्हणतात. तिथे नोकरी लागली की माणसाला नवे नातेवाईक फुटतात. मी आणि रेडिओ, दोघांनीही अर्ज टाकले होते. रेडिओ म्हणजे नऊ वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस. अखंड बोलतो, म्हणून रेडिओ. त्यालाही त्याच दिवशी नारळ मिळाला.

फोनवरची मुलगी म्हणाली, "स्वतःबद्दल सांगा."

"सोळा वर्षं वीजबिलं काढायचं सॉफ्टवेअर सांभाळलं."

ती थांबली. मीही थांबलो.

"अजून काही?"

"एकदाही बंद पडू दिलं नाही."

ती हसली. का, ते कळलं नाही. परवा दुसरी फेरी, व्हिडिओवर.

बायको घरी आल्यावर तिला सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे हलवायचे हे तिचं काम. तिच्याकडेही बातमी होती. सहा तासांवरच्या एका गावात नवं रुग्णालय उघडतंय, तिथे तिला विभागप्रमुख म्हणून बोलावलंय. राहायला जागाही देणार. २८ तारखेपर्यंत कळवायचं.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "बघू."

ती "हं" म्हणाली आणि कपडे बदलायला गेली. आधी माझं काचघराचं होऊ दे. एका वेळी एकच गोष्ट डोक्यात मावते.

५ तारीख, बुधवार

दुसरी फेरी झाली. समोर चौकटीत एक दाढीवाला. प्रश्न दिला: गोदामात खोकी आहेत, कुठलं आधी हलवायचं. सोपा होता. अकरा मिनिटांत सोडवला.

त्या अकरा मिनिटांत दाढीवाल्याने दोनदा विचारलं, "आवाज येतोय ना माझा?"

"येतोय."

मग म्हणाला, "तुमचा येत नाहीये."

मी माइक तपासला. चालू होता. मी बोलतच नव्हतो, तर आवाज कुठून येणार? उत्तर तर बरोबर लिहिलं. माणसाला अजून काय हवं?

७ तारीख, शुक्रवार

काचघराची मेल आली. वाचायच्या आधी गॅलरीत तीन फेऱ्या मारल्या. पुढच्या फेरीला बोलावलंय, पण खाली एक ओळ: उत्तर अचूक, मात्र उमेदवार तिथवर कसा पोचला हे कळू शकलं नाही. यापुढच्या फेऱ्यांत कृपया मोठ्याने विचार करावा.

मोठ्याने विचार करावा! हे म्हणजे आता जेवताना तोंड उघडं ठेवा असं सांगण्यापैकी झालं. माझ्या लग्नात मेहुण्याने माझं नाव मौनीबाबा ठेवलं, कारण पंगतीत मला लोकांनी दहा प्रश्न विचारले आणि मी दहाही वेळा मान हलवली. चौदा वर्षं झाली, सासरी अजून तेच नाव चालतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी लहानपणापासून पाळत आलोय, आणि त्यात माझं काही वाईट झालं नाही.

बायकोला मेल दाखवली. तिने ती दोनदा वाचली.

"हे त्यांना अकरा मिनिटांत कळलं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "हुशार लोक आहेत."

८ तारीख, शनिवार

रेडिओ शिकवणी घ्यायला आला. आल्या आल्या म्हणाला, "बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. आजपासून तू सोनं नाहीस, माती आहेस."

मग आमच्या झोपण्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचं दार हाच फळा ठरला. त्यावर मार्करने लिहिता येतं आणि पुसताही येतं. बायको म्हणाली, लिहा, पण माझ्या बाजूच्या दारावर नको. म्हणून डावं दार.

मी प्रश्न सोडवायला घेतला की चार शब्दांनंतर तोंड बंद व्हायचं. हात चालायचा, जीभ नाही. रेडिओ टाळी वाजवायचा: "बोल!" पुन्हा चार शब्द. तासाभराने तो वैतागला. म्हणाला, "तुझं प्रश्नाशी भांडण नाहीये, बोलण्याशी आहे. आधी सोप्या कामांवर सवय कर. दाढी कर, पण बोलत कर. चहा कर, पण बोलत कर. मनात जे येईल ते जसंच्या तसं बाहेर. गाळायचं नाही."

माणूस बडबड्या आहे, पण जीव लावून शिकवतो.

९ तारीख, रविवार

सकाळी बोलत बोलत चहा केला. स्वतःचाच आवाज ऐकून वेड्यासारखं वाटत होतं, पण ठरवलं होतं, न गाळता.

"पाणी ठेवतो. तीन कप. नाही, अडीच, लेक अर्धाच घेते. साखर आत घालायची नाही, कारण बायकोला अर्धाच चमचा लागतो आणि मला दोन. तिच्या कपाचा कान तुटलाय. नवा आणला तरी तिला तोच लागतो. तिचा कप शेवटी भरायचा, कारण ती आधी केस बांधते, मग पिते, आणि तोवर निवलेला चहा तसाच पिते, बोलत नाही. म्हणून शेवटी."

मागे वळलो तर बायको दारात. केस मोकळे, हातात क्लिप.

"हे तुला माहीत होतं?"

"काय?"

"केसांचं."

"रोज बघतो की."

ती कप घेऊन आत गेली, क्लिप ओट्यावरच विसरली. चहा बहुतेक बिघडला असावा. बोलण्याच्या नादात दूध जास्त पडलं असेल.

१२ तारीख, बुधवार

रेडिओ उडाला. दुसऱ्या फेरीतच. त्याला आलेली मेल त्याने मला फोनवर वाचून दाखवली: उमेदवाराचं विवेचन उत्तम, मात्र वेळ संपेपर्यंत उत्तर लिहून झालं नाही. मग गप्प झाला. नऊ वर्षांत रेडिओ पहिल्यांदा बंद पडलेला ऐकला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मनात होतं, की तू नसतास तर शेवटचे सहा महिने मी त्या ऑफिसात काढू शकलो नसतो. तोंडातून एवढंच आलं, "होईल रे."

थोड्या वेळाने त्याचाच परत फोन. "उद्या सकाळी दहाला येतो. तुझी शिकवणी चालू राहणार."

दिवसभर पायाला भिंगरी. या खोलीतून त्या खोलीत. सोळा वर्षांनी माणूस पुन्हा परीक्षेला बसतो आणि परीक्षक त्याच्या भाच्याच्या वयाचे.

१४ तारीख, शुक्रवार

सराव बरा चाललाय. आता सलग दहा मिनिटं बोलतो. लेकीला मजा येते. ती म्हणते, "बाबा, आता दात घासताना बोलून दाखवा."

बायको हल्ली लवकर येते. मी कपाटापुढे उभा असतो तेव्हा पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालते. आमच्याकडे एवढे कपडे आहेत हे माहीत नव्हतं. आज तर कालचेच घडी घातलेले उलगडून परत घडी घालत होती. विचारलं, तर म्हणाली, "तू बोल. थांबू नकोस."

तिचाही अभ्यास होत असेल. नव्या जागी तिलाही मुलाखत द्यावी लागेल कदाचित.

जेवणाच्या टेबलावर तिच्या रुग्णालयाचा फॉर्म होता. सगळा भरलेला, सुबक अक्षरात. फक्त एक रकाना रिकामा: निवासात राहणाऱ्यांची एकूण संख्या. घाईत राहून गेला असेल. मीच तीन लिहिणार होतो, पेनही उचललं. मग म्हटलं, तिचा फॉर्म, तिचं अक्षर, आपण कशाला खाडाखोड करा. पेन ठेवून दिलं. ती ओट्याशी भाजी निवडत होती. तिचे हात थांबले होते.

"काही म्हणालास?" तिने विचारलं.

"नाही."

१७ तारीख, सोमवार

आज तिच्याकडून कामाची एक युक्ती कळली. प्रश्न अवघड झाला की मी अजूनही गप्प होतो, म्हणून तिला विचारलं, तुझे पेशंट दुखायला लागल्यावर हात मागे घेतात तेव्हा तू काय करतेस?

"ओढत नाही," ती म्हणाली. "दुखेल तिथपर्यंत न्यायचं आणि तिथे थांबायचं. दहा आकडे मोजायचे. बहुतेक वेळा आठ-नऊला सांधा आपोआप सुटतो."

"आणि नाही सुटला तर?"

"तर उद्या परत. पण पेशंटला यायचं असेल तरच. मी कुणाच्या घरी जाऊन खांदा नाही हलवत."

चांगली युक्ती आहे. अडलो की मनात दहा मोजणार.

१९ तारीख, बुधवार

काचघर आतून पाहिलं. दारातच फोटो काढून गळ्यात पट्टा घालतात. फोटोत मी चोर दिसतो. मग एका खोलीत बसवतात, जिच्या तीन भिंती काचेच्या. कुणी घाम पुसला तरी अख्ख्या मजल्याला दिसतो.

आम्ही सहा जण होतो. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही. विचारायचे फक्त, "कितवी फेरी?" पांढऱ्या बुटांच्या एका मुलीने चारशे प्रश्न सोडवून ठेवले होते आणि आता ते सगळे विसरल्याची तिची खात्री झाली होती. माझ्या वयाचा एक जण खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात काहीतरी म्हणत होता. मला वाटलं, तोही मोठ्याने विचार करायचा सराव करतोय. जवळ गेलो तर मुलाला फोनवर गणित सांगत होता. बरं वाटलं त्याच्याकडे बघून.

माझ्या चार मुलाखती झाल्या. तिसरी लक्षात राहिली. घेणारा पोरगा चोविसाचा असेल. मला एकदा सर म्हणाला आणि लाजला. प्रश्न लिफ्टचा. उंच इमारत, चार लिफ्ट, माणसं सगळ्या मजल्यांवर. कुणाला आधी न्यायचं?

मी मार्कर घेतला आणि बोलत सुटलो. "आठव्या मजल्यावरच्या माणसाने बटण दाबलंय. तो किती वेळ थांबेल? माणूस आहे, कायमचा थांबणार नाही. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग जिन्याने निघून जाईल. आपल्या यंत्राला ते कळणार नाही. ते आपलं सावकाश आठव्या मजल्यावर येईल, दार उघडेल, समोर कुणी नसेल. म्हणजे कोण जवळ आहे, एवढंच बघून चालणार नाही. कोण केव्हापासून उभं आहे, हेही मोजलं पाहिजे."

पोरगा पुढे वाकून ऐकत होता. म्हणाला, "हे अजून कुणी बोललं नव्हतं."

घरी येऊन बायकोला सगळं जसंच्या तसं सांगितलं, लिफ्टसकट. सरावच होता तोही. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "छान बोललास. त्या आठव्या मजल्यावरच्या बाईला लवकर लिफ्ट मिळो."

मी म्हटलं, "बाई कुठे, माणूस म्हटलं मी."

२२ तारीख, शनिवार

मेल आली. एकच फेरी उरली. बुधवारी, व्हिडिओवर, वरच्या पदाच्या एका बाईंबरोबर. यात प्रश्न सोडवायचा नसतो. माणूस कसा आहे ते बघतात. रेडिओ म्हणाला, "ही सगळ्यात वाईट."

त्याने सांगितल्याप्रमाणे किस्से तयार करतोय. मतभेदाचा एक, चुकीचा एक. चुकीसाठी तो मीटरचा किस्सा घेतला, एका गल्लीची बिलं दुसऱ्या गल्लीला गेली होती तो. त्यात चूक माझी थोडी आणि शहाणपण पुष्कळ दिसतं.

माळ्यावरची मोठी बॅग बायकोने खाली काढून पुसून ठेवलीय. काचघर बोलावणार, नवे कपडे घ्यायला लागणार, माळा आवरायला हवाच होता.

फॉर्म अजून टेबलावरच. त्या रकान्यात पेन्सिलीने २ लिहिलंय, अगदी फिकट. लेकीला बारा पूर्ण व्हायची आहेत. तिला धरत नसतील.

२४ तारीख, सोमवार

झोप नाही, भूक नाही. मेल उघडतो, बंद करतो, पुन्हा उघडतो. बायकोने विचारलं, "शुक्रवारी उत्तर द्यायचंय मला. लक्षात आहे ना?"

"हो. बुधवार होऊन जाऊ दे."

"आणि बुधवारनंतर?"

"बघू."

तिने टेबल पुसायला घेतलं. पुसलेलंच होतं.

२६ तारीख, बुधवार

हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. जसं घडलं तसं लिहितो, म्हणजे डोक्यातून जाईल.

बायकोने आज सुट्टी घेतली होती, घरात आवाज नको म्हणून. लेक शाळेत. मी झोपण्याच्या खोलीत, दार लोटलेलं, पाठीमागे कपाट दिसू नये म्हणून चादर लावलेली. पडद्यावर त्या बाई. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, आवाज शांत. अर्धा तास छान गेला. मग म्हणाल्या, "अशी एखादी चूक सांगा, जी तुम्हाला उशिरा कळली."

मी मीटरच्या किश्शाला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "ही तर तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळली होती."

अडलो. दहा मोजायला लागलो. सात की आठवर होतो, आणि तोंड उघडलं. अडीच आठवडे रोज न गाळता बोलायची सवय लावलेली. आत जे होतं ते बाहेर आलं.

मी म्हणालो, "माझ्या बायकोला शुक्रवारी एक उत्तर द्यायचंय. तिला दुसऱ्या गावी मोठी जागा मिळतेय. तिने मला विचारलं आणि मी बघू म्हणालो. तीन आठवडे मी बघतोय. जा म्हटलं तर ती जाईल, आणि राहा म्हटलं तर माझ्यापायी राहील आणि आयुष्यभर तसं म्हणणार नाही. म्हणून मी काहीच म्हणत नाही. याला मी समजूतदारपणा समजत होतो. आत्ता तुमच्याशी बोलताना वाटतंय, की ती भीती आहे. मला तिच्याशी बोलायची भीती वाटते. तिची नाही वाटत, माझ्या तोंडून काय निघेल त्याची वाटते."

त्या बाईंनी टाइप करायचं थांबवलं. मग त्या म्हणाल्या, "धन्यवाद. निकाल सोमवारी कळवतील."

संपलं. सोळा वर्षांचा अनुभव, चार फेऱ्या, आणि शेवटी परक्या बाईपुढे घरचं रडगाणं. रेडिओला फोन करायचीही लाज वाटली.

बाहेर आलो तर बायको दाराच्या बाजूलाच खाली बसली होती, भिंतीला टेकून.

"काय गं, बरं नाही का?"

"पाय आखडला," ती म्हणाली. फिजिओचाच पाय आखडला! मी हात देऊन उठवलं. तिने हात पटकन सोडला नाही, तोल जात असावा.

२७ तारीख, गुरुवार

मेल चाळीस वेळा उघडली. सोमवारी येणार हे माहीत असून.

बायकोचे डोळे लाल. सर्दी म्हणते. मला वाफ घ्यायला पाणी तापवून द्यावंसं वाटलं, दिलं. तिने खरंच घेतली, पंधरा मिनिटं टॉवेलखाली.

२८ तारीख, शुक्रवार

दुपारी ती अर्ध्या दिवसाने घरी आली. लेक शाळेतून यायला दोन तास होते. मला म्हणाली, "आत चल."

कपाटाचं डावं दार तिने पुसून ठेवलं होतं. माझी सगळी खोकी, लिफ्ट, बाण, गेलेले. मधोमध मार्करने तिच्या अक्षरात लिहिलेलं: राहणाऱ्यांची संख्या किती?

"हे काय?"

"शेवटची फेरी." ती पलंगावर बसली, मांडीवर फॉर्म. "पाचपर्यंत पाठवायचाय. सोडव. मोठ्याने."

"दोन लिहिलंयस की तू."

"दोन कोण कोण?"

"आपण दोघं. लेकीला बारा पूर्ण नाहीत, तिला धरत नसतील."

ती माझ्याकडे बघत राहिली. आधी मला वाटलं हसणार. मग म्हणाली, "अरे, अकरा वर्षांच्या पोरीला मी कुठे ठेवून जाणार होते?"

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा कपाटाला टेकलो. दोनच माणसं मोजली होती, आणि त्यात मी नव्हतो. बॅग माझ्या कपड्यांसाठी काढलेली नव्हती. तो रकाना घाईत राहिला नव्हता. मी पेन उचलून परत ठेवलं तेव्हा तिने ते पाहिलं होतं.

"तू ठरवलंयस?" मी विचारलं.

"मी पेन्सिलीने लिहिलंय," ती म्हणाली. "परवा त्या बाईंना सांगितलंस ते ऐकलं मी. भिंत केवढी आहे आपली? चौदा वर्षं मी या घरात आहे, आणि तुझ्या मनातलं मला दाराला कान लावून ऐकावं लागतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांना सांगितलंस, आता मला सांग."

"सोमवारी निकाल आहे. तेव्हा..."

"नाही. निकाल कळायच्या आधी."

मी गप्प झालो. ती चिडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "दुखतंय तिथपर्यंत आलोय आपण. आता मी मोजते." आणि खरंच मोजायला लागली, पेशंटपुढे मोजते तशी, हळू. एक. दोन. तीन. चारला वाटलं बाहेर निघून जावं. सहाला लेकीची चप्पल दारात दिसली, एक उलटी एक सुलटी. नऊला बोललो.

"काचघर हो म्हणालं असं धरू. मी इथे, तुम्ही तिथे. सहा तास. शनिवारी यायचं, रविवारी निघायचं. मग मी पाहुणा होईन. लेक दार उघडून आत वळून सांगेल, आई, बाबा आलेत. नको. हे नको. दुसरं, तू इथे राहिलीस. मग तू रोज लोकांचे खांदे हलवशील आणि मला दिसेल की तुझं काय थांबलंय. तेही नको. तिसरं, ते नाही म्हणाले आणि मी तुझ्याबरोबर आलो. मग तुला वाटणार, याला दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून आला. म्हणून आजच सांगायला हवं. मी येतो."

"पुढे बोल. गाळू नकोस."

"तिथे मला काय काम मिळेल माहीत नाही. सुरुवातीला चिडचिड करीन. लोक तुला मॅडम म्हणतील आणि मला मॅडमचे मिस्टर. ते खुपेल. थोडं नाही, चांगलंच खुपेल. काचघराने हो म्हटलं तर त्यांना नाही म्हणताना पोटात तुटेल. वर्षभर आठवण काढीन त्याची. पण मी येतो. तू आणि ती नसलेल्या घरात मी काय बोलू आणि कुणाशी?"

ती रडत होती. मीही. सांगायला काय लाजायचं?

"हे सगळं आत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तीन तारखेपासून."

"मग बघू का म्हणालास, मेल्या!" तिने उशी फेकून मारली. नेमकी नाकावर लागली.

मग तिने फॉर्म पुढे केला आणि लेकीच्या कंपासातलं खोडरबर दिलं. मी २ खोडला. पुसला तरी कागदावर त्याचा वळ राहिला, तिने पेन्सिल दाबून धरली होती. वर पेन्सिलीने ३ लिहायला गेलो तर म्हणाली, "पेनाने."

पेनाने लिहिला. जरा मोठाच आला, रकान्याबाहेर गेला. पावणेपाचला फॉर्म गेला.

३१ तारीख, सोमवार

साडेदहाला मेल आली. आज गॅलरीत फेऱ्या मारल्या नाहीत. बायको कामावर जायच्या घाईत, एका पायात चप्पल. मी मोठ्याने वाचली.

"आपली निवड होऊ शकली नाही. तांत्रिक कौशल्य उत्तम. मात्र उमेदवार मुद्दा सोडून फार बोलतो."

वाईट वाटलं. 'नाही' खरं तर मला म्हणायचं होतं, त्यांनी आधीच म्हणून टाकलं. मग बघतो तर बायको दाराला धरून खाली बसलेली, खांदे हलताहेत. घाबरलो. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत हसत होती.

"शेवटची ओळ परत वाच," ती म्हणाली.

वाचली.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा वाचताना मलाही हसू आवरेना. रेडिओला कळवलं, तर तो म्हणाला, फ्रेम करून घे, माझ्या शिकवणीचं प्रमाणपत्र आहे ते. या वेळी त्याला ते सहा महिन्यांचंही सांगितलं. तो परत बंद पडला, पण थोडाच वेळ.

बायकोने कामावर उशीर होत असूनही तिच्या भावाला फोन लावला. "दादा, तुझ्या मौनीबाबाला काचघराने नाही म्हटलं. का, ते ओळख." तिकडून काहीतरी उत्तर आलं असावं. ती म्हणाली, "नाही, नाही. थांब." आणि फोन माझ्या हातात दिला. "घे. तूच सांग."

सांगितलं. पहिल्यापासून सगळं. पंचवीस मिनिटं लागली.